ऐकणारें अंतःकरण

राजा शलमोन नुकताच गादीवर बसला होता. गिबोन येथें एके रात्रीं त्याला स्वप्न पडलें आणि त्या स्वप्नांत, मनाला येईल तें मागून घेण्याविषयीं देवाची आज्ञा झाली. तरुण राजानें दीर्घायुष्य मागितलें नाहीं, द्रव्य मागितलें नाहीं, शत्रूंचा नाशही मागितला नाहीं. एवढ्या मोठ्या प्रजेचा न्याय आपल्या हातून नीट व्हावा, बरें कोणतें आणि वाईट कोणतें हें आपणांस ओळखतां यावें, म्हणून त्यानें एकच देणगी मागितली. जुन्या करारांत, राजांच्या पहिल्या पुस्तकांत, ही कथा आहे. भाषांतरकार त्या देणगीला कोणी ज्ञान म्हणतात, कोणी विवेकबुद्धि म्हणतात. परंतु मूळ इब्री शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर शलमोनानें मागितलें तें 'ऐकणारें अंतःकरण' होय.

राजाचें काम आज्ञा करण्याचें, बोलण्याचें. त्यानें ऐकण्याची शक्ति मागावी, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु बुद्धि आणि शहाणपण यांतील भेद ह्याच ठिकाणीं आहे. बुद्धि बोलते, प्रश्न करते, तोडते, जोडते, सिद्ध करते, खोडून काढते. ही तिची योग्यता आहे, आणि तीही देवाचीच देणगी आहे. पण मनुष्यानें कसें जगावें, कोणापुढें नमावें, कोणाच्या हांकेस धांवून जावें, हें ठरविण्याची वेळ आली म्हणजे नुसती बुद्धि अपुरी पडते. तेथें दुसऱ्याचें, आणि सर्वांत आधीं देवाचें, ऐकून घेणारें अंतःकरण लागतें. ख्रिस्ती शास्त्रांत ज्याला वरून येणारें ज्ञान म्हटलें आहे तें हेंच.

हा भेद महाराष्ट्राला कांहीं नवा नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधांत मूर्खाचीं लक्षणें सांगून झाल्यावर पढतमूर्खाचीं लक्षणें निराळीं सांगितलीं. कारण न शिकलेला मूर्ख आणि शिकून मूर्ख राहिलेला मनुष्य यांची जात एक नव्हे. पुराणांतलीं वांगीं पुराणांत ठेवून बाजारांतलीं वांगीं घरीं नेणाऱ्या पुराणिकाची गोष्टही घरोघर ठाऊक आहे. ती ऐकून लोक हंसतात. पण ओठांवरचें शास्त्र हृदयापर्यंत पोंचण्यास किती लांबचा प्रवास करावा लागतो, हाच त्या हंसण्यामागचा अनुभव आहे.

नव्या करारांत ह्या प्रश्नाची पुन्हां फोड झाली, आणि ती एका विद्वानाच्याच हातून झाली. प्रेषित पौल गमलिएलाच्या चरणांपाशीं शास्त्र शिकला होता. अथेन्स नगरांत अरीयपगावर उभा राहून तो तत्त्वज्ञान्यांशीं त्यांच्याच भाषेंत बोलला. कांहींनीं त्याची थट्टा केली, कांहींनीं पुन्हां केव्हां तरी ऐकूं म्हणून विषय टाळला, थोड्यांनीं मात्र विश्वास ठेविला. तेथून तो करिंथास गेला. पुढें करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपल्या तेथील आगमनाची जी आठवण दिली आहे तींत वक्तृत्वाचा किंवा तत्त्वज्ञानाचा डौल नाहीं. वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त हें ग्रीकांच्या दृष्टीनें वेडेपण होतें. आणि त्याच वेडेपणांत देवाचें शहाणपण आहे, असें त्यानें निक्षून सांगितलें. हें सांगणारा मनुष्य अडाणी नव्हता, ही गोष्ट विसरतां कामा नये. ज्याच्यापाशीं विद्या नाहीं त्यानें विद्येला तुच्छ म्हणणें सोपें आहे. ज्यानें ती श्रमानें मिळविली त्यानें तिला तिची जागा दाखवावी, ह्यालाच किंमत आहे.

अशा प्रकारें स्वतःच्या विद्येला तिची जागा दाखविणारी एक विदुषी ह्याच महाराष्ट्रांत होऊन गेली. तिच्या नांवामागें 'पंडिता' ही पदवी अशी चिकटली कीं तीच तिची ओळख झाली. पंडिता रमाबाईंच्या चरित्राची सामाजिक बाजू पुष्कळांस माहीत आहे. त्या चरित्राच्या आंतून वाहणारा दुसरा प्रवाह मात्र तितका पाहिला जात नाहीं. पांडित्यापासून शहाणपणापर्यंतची वाट त्या कशा चालल्या, हा तो प्रवाह होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ. विद्यार्थी असतांना त्यांनीं पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत श्लोक म्हणतांना ऐकलें होतें. स्त्रीलाही ही विद्या येते, हें कळतांच आपल्या पत्नीला ती शिकवावयाची असा त्यांनीं निश्चय केला, आणि समाजाचा विरोध सोसून लक्ष्मीबाईंना शिकविलें. पुढें लक्ष्मीबाईंनीं आपल्या मुलीला शिकविलें. पहांटे मूल झोपेंतून उठवावयाचें, मांडीवर घ्यावयाचें आणि तोंडीं पाठ द्यावयाचा, हा त्या आईचा क्रम होता. भागवत त्या मुलीला मुखोद्गत झालें. तीर्थामागून तीर्थ करीत, देवळांच्या ओवऱ्यांत पुराण सांगत हें कुटुंब हिंडत असे, आणि श्रोते जें समोर ठेवतील त्यावर त्याचा चरितार्थ चाले.

मग दुष्काळ आला. इ. स. १८७४ ते १८७७ ह्या काळांत दक्षिणेंत अन्न मिळेनासें झालें. सगळें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत संपलेलें, मजुरी करण्याची संवय नाहीं, भीक मागण्याची लाज. वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई गेली, मोठी बहीणही गेली. आईचें प्रेत उचलण्यास चार माणसें मिळेनात. शेवटीं दोन ब्राह्मण आले. उरलेले दोन खांदेकरी म्हणजे मुलगा श्रीनिवास आणि मुलगी रमा. रमा ठेंगणी असल्यामुळें तिरडीचा दांडा खांद्यावर बसेना, म्हणून तिनें तो डोक्यावर घेतला. पुढें हीं दोघें भावंडें हजारों मैल पायीं चाललीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं, थंडीपासून जीव वांचविण्यासाठीं, वाळूंत खड्डे करून त्यांत निजलीं आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. सहस्रावधि श्लोक पाठ असलेली मुलगी पोटांत अन्न नसतांना वाळूखालीं पडून होती. विद्येचा भार आणि भुकेचा भार दोन्ही तिनें एकाच वेळीं वाहिले. भुकेचा अनुभव तिच्या पुढील आयुष्यांत केव्हां व कसा उपयोगीं पडला, तें पुढें दिसेल.

इ. स. १८७८ सालीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांच्या ह्या मुलीची परीक्षा तेथील पंडितांनीं घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. सभा होऊं लागल्या, मानपत्रें येऊं लागलीं. बुद्धीला याहून मोठा सन्मान त्या काळीं एखाद्या स्त्रीला मिळाला असेल असें वाटत नाहीं. ह्याच नगरींत केशवचंद्र सेन यांनीं तिला वेद वाचण्याचा सल्ला देऊन एक प्रत भेट दिली. शास्त्रें वाचतां वाचतां स्त्रियांविषयीं व शूद्रांविषयीं त्यांतील वचनें तिला खुपूं लागलीं, आणि लहानपणची श्रद्धा हळूहळू सुटत गेली. श्रद्धा गेली, बुद्धि राहिली. आणि त्या बुद्धीला आधार कशाचा द्यावा हें कळेना. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं तिनें जातिबंधन मोडून विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें गेले.

आसामांत सिल्चर येथें पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक लहान प्रत सांपडली होती. नव्या विषयाची त्यांना जी नैसर्गिक जिज्ञासा असे तीच येथेंही होती. पतिनिधनानंतर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढें साक्ष दिली, आणि एका मिशनरी बाईंकडून मराठी नवा करार वाचूं लागल्या. येथेंच त्यांची गांठ नेहेम्या गोऱ्हे यांच्याशीं पडली.

ह्या गोऱ्ह्यांची कथा ह्या विषयाशीं फार निकट आहे. मूळचे नीळकंठशास्त्री, जन्म १८२५ सालचा, वाढले काशींत. ख्रिस्ती मताचें खंडन करावें म्हणून ते मिशनऱ्यांकडे गेले आणि वाद करतां करतां स्वतःच त्या मताकडे ओढले गेले. १८४८ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि १८६० सालीं 'षड्दर्शन दर्पण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढा मोठा वादपटु. पण त्याच्या बुद्धीनें त्याला जन्मभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं. एक शंका मिटली कीं दुसरी उभी राहावयाची. १८९५ सालीं मुंबईस मृत्यु येईपर्यंत हा फकिरी वृत्तीचा साधु शंकांशीं झुंजत राहिला. तथापि त्याची गरिबी, त्याची नम्रता आणि त्याचें सत्यावरील प्रेम ह्यांनीं ज्यांना वळविलें ते पुष्कळ निघाले. रमाबाई त्यांपैकीं एक. गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचें ऋण त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. पण ज्याचा युक्तिवाद इतरांना पटला, त्याला स्वतःला त्याच युक्तिवादानें पूर्ण शांति दिली नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

इ. स. १८८३ सालीं रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वांटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या. वैद्यकी शिकावी असा त्यांचा हेतु होता. परंतु त्यांना कमी ऐकूं येत असे, आणि ती व्याधि वाढत चालल्यामुळें तो विचार सोडून द्यावा लागला. मठांतील भगिनींनीं एकदां त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथें चालविलेला आश्रम पाहण्यास पाठविलें. समाजानें ज्यांना पतित म्हणून टाकून दिलें अशा स्त्रियांची तेथें मायेनें शुश्रूषा होत होती. अशा बायकांना शिक्षा करावी, एवढेंच रमाबाईंनीं आजवर ऐकलें व पाहिलें होतें. त्यांच्यावर कोणी दया कां करावी, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना याकोबाच्या विहिरीपाशीं येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. कलकत्त्याच्या पंडितसभेंत जो प्रश्न सुटला नव्हता त्याचें उत्तर ह्या आश्रमांतील भांडीं घासणाऱ्या व कपडे धुणाऱ्या बायकांमध्यें रमाबाईंना दिसूं लागलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथें कथा संपती तर ती सोपी झाली असती. पण बाप्तिस्मा घेतल्यानें पंडिता पंडिता राहावयाची थांबत नाहीं. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्या शिकूं व शिकवूं लागल्या, आणि मठांतील आपल्या गुरुभगिनीशीं त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार चालला. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रवचनांतून कसा निघतो? पंथाच्या अधिकाऱ्यानें सांगितलें म्हणून तें कां मानावें? क्रुसावर लॅटिन शब्द कां, संस्कृत कां नकोत? प्रश्नामागून प्रश्न. भगिनीला हा अहंकार वाटे; रमाबाईंना ती सदसद्विवेकाची मागणी वाटे. दोघींच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. परक्या देशाची प्रत्येक रीत धर्म म्हणून गिळण्याचें रमाबाईंनीं नाकारलें, हें त्यांच्या स्वतंत्र बुद्धीचें भूषणच होय. पण प्रश्न विचारणारें मन उत्तर ऐकण्यास मोकळें असतेंच असें नाहीं. वादांत मन जिंकण्याकडे धांवतें. आणि देव कांहीं वादांतला प्रतिपक्षी नव्हे.

इ. स. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभाच्या निमित्तानें रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें व्याख्यानें दिलीं, पुस्तक लिहिलें, बोस्टन येथें साहाय्यक मंडळ स्थापन झालें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीवर शारदासदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावें कीं आतां सर्व कांहीं मिळालें: कीर्ति, कार्य, साहाय्य आणि निश्चित झालेला धर्म.

रमाबाईंना स्वतःला मात्र आंत पोकळी जाणवत होती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या इंग्रज उपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचण्यांत आलें. हा गृहस्थ कॉर्नवॉलमधील बाल्ढू येथें धर्मोपदेशक होता. इतरांना वर्षानुवर्षें उपदेश करीत असतां १८५१ सालीं एका रविवारीं, स्वतःचेंच प्रवचन चालू असतांना, त्याच्या हृदयाचें परिवर्तन झालें. ज्या सत्याविषयीं तो बोलत होता तें त्यानें त्या दिवशीं प्रथम ऐकलें, असेंच म्हणावें लागेल. हें वाचून रमाबाईंना आपली स्थिति उमगली. आपणांला ख्रिस्ती धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नाहीं, अशा आशयाचा कबुलीजबाब त्यांनीं पुढें आपल्या आत्मकथनांत दिला आहे. तत्त्वें बुद्धीला पटलीं होतीं. ज्याच्यासाठीं तीं तत्त्वें आहेत त्याच्याशीं संबंध जडला नव्हता.

ही कबुली देण्यास काय लागलें असेल, याची कल्पना करावी. स्वधर्म सोडल्याबद्दल ज्या बाईनें समाजाचे शिव्याशाप सोसले, जिनें नव्या धर्मांतील अधिकाऱ्यांशीं बरोबरीच्या नात्यानें वाद केला, तिनें आठ वर्षांनंतर म्हणावें कीं मुख्य गोष्ट मला मिळालेलीच नाहीं! वादांत हरणें मनुष्याला एक वेळ सोसतें. आपण जिंकलेला वाद अपुरा होता हें मान्य करणें फार कठिण. आपला पापीपणा व असहायता कबूल करून, कांहीं न कमावतां, कृपा म्हणून जें मिळतें तें रमाबाईंनीं पदर पसरून घेतलें. शलमोनानें जें मागितलें तें त्यांनींही मागितलें, आणि मागणाऱ्याला मिळतें तसें तें मिळालें.

त्याची कसोटी लागण्यास फार वेळ लागला नाहीं. सदनांतील कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसूं लागल्यावरून पुण्यांत वादळ उठलें. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील असें वचन होतें, तें मोडलें जात आहे, असें टीकाकारांचें म्हणणें पडलें. आपल्या खोलीचें दार प्रार्थनेच्या वेळीं कोणाला बंद करणार नाहीं, असें रमाबाईंचें म्हणणें होतें. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीं सल्लागार मंडळांतून अंग काढून घेतलें आणि बऱ्याच मुली पालकांनीं घरीं नेल्या. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसें होतीं. रमाबाईंनीं ह्या प्रसंगीं उत्तरास प्रत्युत्तर देत बसण्यापेक्षां उरलेल्या मुलींचें काम पुढें चालविलें.

इ. स. १८९६ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. हिशेब करणारी बुद्धि अशा वेळीं काय सांगते तें उघड आहे. अमेरिकेंतील मंडळानें दहा वर्षें मदत करण्याचें पत्करलें होतें, ती मुदत संपत आली होती. तो पैसा विधवांच्या शिक्षणासाठीं होता, दुष्काळपीडितांसाठीं नव्हता. घर लहान होतें. पुण्यांत प्लेगाचा काळ असल्यामुळें नव्या मुलींना शहरांत ठेवतां येईना. ह्या सर्व अडचणी खऱ्या होत्या. परंतु वीस वर्षांपूर्वीं ज्या मुलीनें आपल्या आईची तिरडी डोक्यावर घेतली होती तिला दुष्काळाची हांक ऐकूं आली. कानांनीं कमी ऐकणारी ही बाई आगगाडींत बसून मध्यप्रांतांत गेली, आणि अस्थिपंजर झालेल्या मुली व तरुण विधवा घेऊन आली. पहिल्या खेपांत सुमारें तीनशें आणल्या. पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें फळबागेसाठीं घेतलेली जमीन होती. तेथें आधीं झोपड्या उठल्या आणि मग मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या एकोणीसशेंच्या आसपास गेली.

आणि येथें पहाण्यासारखी गोष्ट अशी कीं रमाबाईंची बुद्धि कोठें नाहींशी झाली नाहीं. उलट, तिला आतां काम मिळालें. एवढ्या मुलींना खाऊं घालावयाचें, शिकवावयाचें, विणकाम, शेती, दूधदुभतें, तेलाची घाणी, छापखाना असे उद्योग लावून द्यावयाचे, आंधळ्यांना ब्रेल लिपी शिकवावयाची. हें अडाण्याचें काम नव्हे. पूर्वीं जी बुद्धि मानपत्रें मिळवीत होती ती आतां विहिरी खणण्याचा आणि दाण्याचा हिशेब करूं लागली. तिच्यावर धनी आला, एवढाच फरक.

तिचें शेवटचें काम सर्वांत मोठें. प्रचलित मराठी बायबल खेड्यांतल्या साध्या बायकांना कळत नाहीं, हें रमाबाईंना रोज दिसत होतें. संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या डोक्यावरून जात. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीनंतर ह्या पंडितेनें इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यास घेतलें. १९०५ सालीं मुक्तिसदनांत धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. रात्रंदिवस प्रार्थना चालल्या, देशोदेशीं त्याची वार्ता गेली. त्या लाटेविषयीं आजही मतभेद होतात. पण ज्या बाईच्या प्रार्थनांनीं ती उठली असें म्हणतात, ती त्याच सुमारास कोश आणि व्याकरण पुढें घेऊन एकेक शब्द तोलीत बसली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. भक्तीचा उमाळा आणि व्याकरणाचा अभ्यास यांत तिला विरोध दिसला नाहीं.

संस्कृत ज्यांना मातृभाषेसारखें येतें त्यांनीं संस्कृत शब्द टाळून लिहिणें, ही मोठी कठिण तपश्चर्या आहे. जो शब्द लेखणीच्या टोकाशीं आयता येऊन उभा राहतो तो बाजूला सारावयाचा आणि दुष्काळांतून आलेल्या मुलीला कळेल असा शब्द शोधावयाचा. त्यासाठीं ती मुलगी कशी बोलते तें आधीं ऐकावें लागतें. त्याच मुली पुढें छापखान्यांत त्या मजकुराचे खिळे जुळवीत. १९२१ च्या जुलैंत एकुलती एक कन्या मनोरमा मिरजेस वारली. आईनें दुःख गिळून मुद्रितें तपासण्याचें काम चालू ठेविलें. तें संपवून थोड्याच अवधींत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनीं देह ठेविला. पुढें १९२४ सालीं तें बायबल प्रसिद्ध झालें. वीस वर्षांची असतांना पंडितांना जिनें थक्क केलें तिनें आयुष्याच्या अखेरीस निरक्षर बाईला समजेल अशी भाषा साधली. ह्या दोहोंपैकीं कोणती परीक्षा अधिक अवघड, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

ह्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. बुद्धीपेक्षां अंतःकरण मोठें म्हटलें कीं आळशाला आणि भोंदूला निमित्त मिळतें. ज्याला वाचावयाचें नाहीं तो म्हणतो, मला आत्म्याचें ज्ञान आहे. ज्याला उत्तर देतां येत नाहीं तो म्हणतो, शंका घेणें पाप आहे. आक्षेप खरा आहे, आणि धर्माच्या नांवावर असें पुष्कळ चालतें. पण शलमोनाला जें मिळालें तें विचार थांबविणारें नव्हतें. त्याच्यापुढें आलेला पहिलाच न्याय कसून विचार केल्यावांचून होण्यासारखा नव्हता. पौलानें पत्रें लिहितांना तर्क टाकला नाहीं. रमाबाईंनीं कोश मिटले नाहींत. बुद्धि सोडून दिल्यानें कोणी शहाणा होत नाहीं. ती देवाच्या पायांशीं ठेवून, मग त्याच्या हातून परत घेतल्यानें होतो.

हें शहाणपण खरें कीं खोटें, हें ओळखावें कसें? याकोबाच्या पत्रांत त्याची साधी खूण दिली आहे. ज्याला ज्ञान उणें आहे त्यानें तें देवाजवळ मागावें, असें तो आरंभींच सांगतो. आणि पुढें वरून येणाऱ्या ज्ञानाचीं लक्षणें देतो. त्यांत पांडित्याचें एकही नाहीं. शुद्धता, शांतता, सौम्यपणा, दया, निष्कपटपणा, अशीं तीं लक्षणें आहेत. आणि त्यांतच एक ग्रीक शब्द असा आहे कीं त्याचा अर्थ, दुसऱ्याचें म्हणणें सहज ऐकून घेणारें. शलमोनाच्या मागण्याची आणि याकोबाच्या शिकवणीची गांठ येथें पडते.

शिकलेल्या घरांना ह्या गोष्टीची आठवण विशेष असावी. त्या घरांत ग्रंथ असतात, पदव्या असतात, धर्मावर उत्तम बोलतां येतें. पण धाकट्यानें चूक दाखविली तर वडिलांना ती ऐकवते काय? नोकराचें दुखणें त्याच्या तोंडून ऐकून घेण्याइतकी सवड धनिणीला असते काय? वादांत जिंकलेला नवरा रात्रीं बायकोजवळ आपली चूक कबूल करूं शकतो काय? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असें खेड्यांतली माणसें म्हणतात. ख्रिस्ती मनुष्याच्या घरीं बायबलाच्या चार आवृत्त्या असून ऐकणारें अंतःकरण एकाचेंही नसेल, तर त्याचा बैलही रिकामाच म्हणावयाचा.

केडगांव येथें रमाबाईंची संस्था आजही आहे. दुष्काळांतून तेथें आलेल्या मुलींना 'सरस्वती' ह्या पदवीचा अर्थ ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. भुकेल्या पोरींची हांक एका विदुषीला ऐकूं आली आणि ती उठून गेली, एवढें मात्र त्यांना ठाऊक होतें.